खदिर आणि देवदार : दोन सारवृक्षांचा तौलनिक विचार

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील खदिरारिष्टाच्या पाठात खदिर अर्धी तुला, म्हणजे ५० पल, आणि देवदारही तितकाच सांगितला आहे. खदिर कुष्ठघ्न द्रव्यांत अग्र्य, त्यामुळे त्याची निवड सर्वच काळजीने करतात. देवदाराच्या बाबतीत मात्र हाती येईल ते लाकूड चालवून घेतले जाते. आम्हीही एकदा व्यापाऱ्याकडून आलेले निर्गंध चूर्ण तसेच काढ्यात घातले होते. म्हणून हा प्रपंच.

दोहोंचे सार, म्हणजे खोडाचा मधला गाभा, औषधी होय. साम्य जवळजवळ इथेच संपते. खदिर हा शिंबी कुलातील सपुष्प वृक्ष : पर्णदेठाखाली आकड्यांसारख्या काट्यांची जोडी, फिकट पिवळ्या फुलांचे तुरे, चपट्या शेंगा. कोकणातील वैद्यांस त्याची ओळख करून द्यावयास नको. कातकरी हे नावच काताच्या धंद्यावरून पडले. देवदार हिमालयात सुमारे १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढतो. त्यास फूल नाही, फळही नाही. बी शंकूच्या खवल्यावर उघडेच असते.

गुणांतही हा भेद दिसतो. खदिर लघु, रूक्ष, शीतवीर्य व कफपित्तशामक. त्याच्या सारात कॅटेचिन व टॅनिन विपुल. देवदार लघु खरा, परंतु स्निग्ध, उष्णवीर्य व कफवातशामक. त्याच्या सारात हिमाचलीन आदींनी युक्त सुगंधी तेल असते. केवळ खदिराच्या रूक्ष-शीत गुणांनी वात वाढू नये, यासाठी देवदाराची योजना असावी, असे आम्हास वाटते. तेल उडून गेलेले जुने लाकूड वापरल्यास ही योजनाच निष्फळ होते.

परीक्षा सोपी आहे. ढलपीचे आडवे टोक धारदार पात्याने कापून दहापट भिंगाखाली पाहावे. खदिराच्या तांबड्या लाकडात वाहिन्यांची छिद्रे स्पष्ट दिसतात. शंकुधारी वृक्षांत वाहिन्या नसतात, म्हणून देवदाराचा छेद एकसारखा, छिद्ररहित दिसतो. देवदाराच्या नावाखाली सरल आला असेल, तर छेदात राळनलिकांचे विखुरलेले ठिपके आढळतात. देवदारात त्या सहसा नसतात. झाडास इजा होऊन झाल्याच, तर एका ओळीत असतात. शेवटी ताजा छेद घासून वास घ्यावा.

चूर्णावर यातील भिंगाची परीक्षा मुळीच चालत नाही. तेव्हापासून आम्ही देवदार ढलप्यांच्याच रूपात घेतो आणि काढ्याच्या आदल्या दिवशी भरड करतो.