अनोळखी पिकअप कसा ओळखाल?

विद्यार्थीमित्रांनो, समजा, जुन्या जालन्यात तुमच्या ओळखीच्या घरी कोणी वापरलेली इलेक्ट्रिक गिटार विकायला आणली आहे. तारांखाली दोन पिकअप आहेत, पण त्यांवर नाव नाही. विकणारा म्हणतो, "पिकअप परदेशी आहेत, किंमत जास्त पडेल." हे खरे मानायचे का? चला, तपासून पाहू.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने तीही चुंबकित होते. ती छेडली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. नायलॉनची तार लावली, तर पिकअप मुकाच राहील.

एकेरी वेटोळे घरातील ५० हर्ट्‌झ विजेचे क्षेत्रही पकडते. त्यामुळे ध्वनिवर्धकातून 'हम्म्' असा घुमारा येतो. १९५५ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी यावर उपाय योजला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवून उलटी जोडली आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवले. त्यामुळे घुमारा परस्परांत नष्ट होतो, तारेचा आवाज मात्र एकत्र मिळतो.

आता तीन कसोट्या पाहू.

१) होकायंत्र : पिकअपजवळ ते लांबून सावकाश आणा. सहाही खुंट्यांवर सुईचे एकच टोक ओढले गेले, तर वेटोळे बहुधा एकेरी. शेजारच्या दोन ओळींवर सुईची वेगवेगळी टोके ओढली गेली, तर दुहेरी. होकायंत्र फार जवळ नेऊ नका, सुईचेच ध्रुव उलटतील.

२) घुमारा : ध्वनिवर्धक लावून एकेक पिकअप निवडा व गिटार हळूहळू फिरवा. एकेरी पिकअपचा घुमारा कमीजास्त होईल. दुहेरीचा फारच कमी असेल. पहिल्या कसोटीत एकेरी, पण इथे शांत? मग एकाखाली एक अशी दोन वेटोळी दडलेली असू शकतात.

३) रोध : गिटार ध्वनिवर्धकापासून सोडवा. आवाजाची कळ पूर्ण वाढवून एकच पिकअप निवडा आणि वायरीच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. जुन्या पद्धतीच्या एकेरीचा रोध साधारण ५ ते ८ किलोओहम, दुहेरीचा ७ ते ९ च्या आसपास असतो. पण जास्त वेढ्यांच्या एकेरीचा रोध १० च्या वरही जातो. म्हणून केवळ या आकड्यावर निकाल देऊ नका.

शिवाय तापमानही पाहा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. हिवाळ्यात २० अंशांवर ६ किलोओहम दाखवणारा पिकअप जालन्याच्या मे महिन्यात, ४० अंशांवर, सुमारे ६.४७ दाखवील. पिकअप तोच, आकडा वेगळा! म्हणून मोजमापासोबत तापमान लिहून ठेवा.

तर मग निष्कर्ष काय? या कसोट्यांनी पिकअपची जात कळते, कारखाना नव्हे. एकाच जातीचे पिकअप अनेक कारखाने बनवतात आणि त्यांचे रोध सारखे असू शकतात. तेव्हा पुराव्याशिवाय नावाचे जादा पैसे देऊ नका. आवाज ऐका आणि जेवढे सिद्ध झाले तेवढेच माना.

विचार करा : पिकअपची तार आत तुटली असेल, तर मल्टिमीटर काय दाखवील?