टॉर्च घेताना: खोक्यावरचा आकडा आणि चौथ्या तासाचा उजेड



१ जूनला बंदी लागेल, होड्या वर येतील. पुढचे दोन महिने जाळी शिवली जातील, मशीन उघडलं जाईल, होडीला रंग लागेल. टॉर्च मात्र कुठल्या तरी डब्यात तशीच पडून राहते आणि ऑगस्टच्या पहिल्या रात्री पेटत नाही. म्हणून आजचा पाठ टॉर्चचा. घरात आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो. इथे गोंधळ नको म्हणून हातात धरायची ती टॉर्च आणि तिच्या पोटात घालायचा तो सेल, असं धरून चला. आणखी एक. मासळी गोळा करायला वापरतात त्या एलईडी दिव्यांचा हा विषय नाही. त्या मासेमारीवर केंद्राची १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने बंदी आहे.

गेल्या हंगामात आमच्यातल्या एका होडीच्या पंख्यात रात्री दोरी गुंडाळली. दोघे जण होते. मशीन वर उचललेलं, एकाच्या हातात सुरी, दुसऱ्याच्या हातात नवी कोरी टॉर्च. खोक्यावर उजेडाचा आकडा पाच आकडी. पहिली पाच मिनिटं लखलखाट, मग मंद, मग काजवा. उरलेली दोरी मोबाईलच्या उजेडात कापली. तेवढ्यात एक ट्रॉलर सरळ अंगावर येताना दिसला, आणि त्याला दाखवायला हातात तोच भिजलेला मोबाईल. ट्रॉलरवाल्याने वेळेत बघितलं आणि वळवलं. दोघेही घरी आले, म्हणून ही गोष्ट सांगता येते.

तो पाच आकडी आकडा खोटा कसा, ते घरबसल्या ताडता येतं. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. जुन्या दोन मोठ्या सेलच्या, बल्बवाल्या टॉर्चचा उजेड वीस ल्युमेनच्या आसपास असायचा आणि आपल्या आधीच्या पिढीने त्यावरच रात्री काढल्या. आज शंभर-दोनशे ल्युमेनमध्ये जाळं ओढणं, मासळी निवडणं, मशीन बघणं, सगळं होतं.

आता सेल बघू. आजकालच्या बऱ्याच टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, त्यावरून हे नाव. चांगला सेल ३००० ते ३५०० एमएएचचा असतो. त्या एवढ्याशा नळीवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की समजा, छापणाऱ्याने शाई फुकट घालवली. सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. फारच हलका लागला तर आत मालच कमी आहे.

३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास. त्याला ३.६ व्होल्टने गुणा, साधारण ११ वॅट-तास येतात. चांगली एलईडी टॉर्च एका वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देते. म्हणजे भरलेल्या एका सेलवर १००० ल्युमेन तासभर, किंवा २०० ल्युमेन पाच-साडेपाच तास. हे आपल्या टाकीतल्या इंधनासारखंच आहे. मशीन फुल सोडलं तर लवकर संपणार, हळू चालवलं तर पुरणार. एका सेलची टॉर्च पाच आकडी ल्युमेन आणि दहा तास असं दोन्ही एकत्र देत असेल तर ते इंधन येतं कुठून?

इथे एक गोष्ट चांगल्या टॉर्चच्या बाजूने सांगायला हवी. तीही पूर्ण उजेडावर दोन-चार मिनिटांनी थोडी खाली येते. एलईडी तापते म्हणून आतलं सर्किटच उजेड कमी करतं. हा बिघाड नाही, आणि त्यानंतर ती तासन्‌तास एकसारखी चालते. स्वस्तातल्या टॉर्चमध्ये बहुधा असं सर्किटच नसतं. सेल उतरेल तसा उजेड उतरतो, काजवा होईपर्यंत.

खोक्यावर एफएल-१ असं मानकाचं नाव असेल तर आकड्यांना काही अर्थ आहे, पण तेही समजून वाचावे लागतात. त्यात ‘चालते १० तास’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. आणि ‘पल्ला २०० मीटर’ म्हणजे २०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. चांदण्यात बोयाचा झेंडा ओळखता येतो का, ते तुम्हीच सांगा. शापोऱ्याच्या मुखासारख्या ठिकाणी वाळूच्या पट्टीवर फुटणारी लाट बघायची असेल तर छापील पल्ल्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवा.

आता बाजारात मिळणाऱ्या टॉर्चकडे वळू. प्लग भिंतीत खोचून चार्ज होणारी प्लास्टिकची मोठी टॉर्च आपल्या जवळपास प्रत्येक घरात आहे. तिच्यात बऱ्याच वेळा शिसे-आम्लाची छोटी बॅटरी असते. वीज गेली तर घरात ती ठीक आहे. होडीवर नको. ती पाण्याला तोंड देत नाही, आणि उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की त्या बॅटरीच्या पत्र्यांवर थर बसतो आणि ती पुन्हा धड चार्ज होत नाही. ऑगस्टमध्ये न पेटणाऱ्या टॉर्च बहुतेक ह्याच.

पुढेमागे सरकवून झोत लहान-मोठा करायची ॲल्युमिनियमची टॉर्च दुकानात सगळ्यात छान दिसते. पण ते सरकणारं तोंड पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतं. प्रत्येक वेळी बाहेर ओढताना ते हवा आत घेतं, आणि हवेबरोबर खारं पाणी. मग काचेच्या आत वाफ धरते. जमिनीवर वापरा, हरकत नाही.

पेन्सिल सेलची साधी टॉर्च आम्ही अजूनही मोडीत काढलेली नाही. उजेड कमी, पण सेल कुठल्याही गाड्यावर मिळतात आणि चार्जिंगची कटकट नाही. राखीव म्हणून एक असावीच. तिचे सेल मात्र वेगळे, कोरड्या डब्यात ठेवायचे, कारण आत राहिलेले सेल पाझरतात आणि टॉर्च घेऊन जातात.

मुख्य टॉर्च म्हणून लिथियम सेलची, बंद तोंडाची, आयपीएक्स ८ लिहिलेली घ्या. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त उडालेलं पाणी सहन होतं. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, आणि किती ते कंपनीने लिहिलेलं असतं. ही चाचणी गोड्या पाण्यातली, नव्या टॉर्चवरची असते. दोन हंगाम ऊन खाल्लेल्या रबरी रिंगला हा आकडा लागू नाही. यूएसबीचं भोक असेल तर त्याचं रबरी झाकण हीच सगळ्यात कच्ची जागा. ते नीट दाबून बसतं की नाही ते दुकानातच बघा. आणि पाणी आत जात नाही याचा अर्थ ती तरंगते असा नाही. ॲल्युमिनियमची टॉर्च दगडासारखी तळाला जाते. शेपटीला दोरी आणि जाळ्याचा जुना बोया बांधा, आणि बोया टॉर्चला पेलतो का ते बादलीत तपासा.

आमचा अनुभव असा की एलईडी स्वतः फार क्वचित मरते. आधी मरते स्प्रिंग किंवा बटण. खारं पाणी सुकलं तरी मीठ राहतं, ते मीठ हवेतली ओल ओढतं, स्प्रिंग गंजते, पितळेवर हिरवट थर येतो. वीज तिथेच अडते आणि उजेड मंद होतो. आपण मात्र सेलला शिव्या घालून नवा सेल आणतो! आधी सेल काढून स्प्रिंग आणि टोकं पेन्सिलच्या खोडरबराने घासून बघा. किनाऱ्यावर आल्यावर टॉर्च झाकण घट्ट ठेवून गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, मगच उघडायची. रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. मशीनचं ग्रीस नको.

डोक्याला बांधायची टॉर्च दोन्ही हात मोकळे ठेवते, पंख्यातली दोरी कापताना तिला तोड नाही. पावसात मात्र थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. तेव्हा ती काढून हातात, कमरेच्या उंचीवर धरावी. तांडेलाच्या तोंडावर झोत मारू नका हे खलाशी पोरांना सांगायलाच हवं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका झोतात ते जातं. लाल उजेडाची सोय असलेली टॉर्च त्यासाठीच बरी.

१९७२ च्या समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, २५ व्या नियमात टॉर्चचं नाव घेऊन लिहिलं आहे: वल्ह्याच्या होडीवर ठरलेले दिवे नसतील तर पांढऱ्या उजेडाची टॉर्च किंवा कंदील हाताशी तयार हवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवायला हवा. मशीनच्या होडीला यातून दिव्यांची सूट नाही. पण मशीन आणि दिवे दोन्ही बंद पडले की आपणही त्याच वल्हेवाल्याच्या जागी असतो. झोत आपल्याच होडीवर, शिडावर किंवा केबिनवर पाडा, म्हणजे समोरच्याला होडी दिसते आणि त्याचे डोळे दिपत नाहीत. झपझप उघडझाप करणारा जो मोड असतो तो वापरू नका; ३६ वा नियम लक्ष वेधण्यासाठी असे दिवे टाळायलाच सांगतो. जीव धोक्यात असेल तर तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे झोत, पुन्हा पुन्हा. सोबत व्हीएचएफवर चॅनल १६, आणि मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

राहिलं पावसाळ्यात ठेवायचं. लिथियम सेल अर्धा भरून, टॉर्चमधून काढून, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. सुटा सेल नाण्यांबरोबर खिशात नको, फुगलेला सेल पुन्हा चार्जिंगला नको, आणि पेट्रोलच्या कॅनजवळ चार्जर मुळीच नको. शिसे-आम्लाची असेल तर उलट: पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. बाजूला बटण असलेली टॉर्च बंद असतानाही थोडी वीज खात असते. हंगामात तिची शेपटी पाव फेरा सैल करून ठेवली की बहुतेक टॉर्चमध्ये ते थांबतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या टॉर्च बाहेर काढा, सेल भरा, मधल्या उजेडावर ठेवून घड्याळ लावा आणि बादलीत बुडवून बघा. चार तास धड पेटली नाही किंवा काचेआड वाफ आली, ती घरी शिंक्यावर टांगा. होडीवर दुसरी घ्या.