ड्रेनेजच्या पाइपात उंबराची मुळं

प्रश्न : आमच्या जुन्या बंगल्याचा संडास वरचेवर तुंबतो. चेंबरमधून केसांच्या जटेसारखी मुळं निघाली. परसातला उंबर तोडावा का?

उत्तर : उंबराला हात लावू नका, शहरात राहत असाल तर पालिकेच्या परवानगीशिवाय तो तोडताही येणार नाही. खोट सांध्यांत आहे. जुने पाइप स्टोनवेअरचे, सांधे सिमेंटचे. सांध्याला बारीक चीर गेली, की ओलाव्याच्या मागे तंतुमुळं आत शिरतात. आधी कॅमेरा घालून जागा हेरा. कटरच्या मशीनने मुळं कापता येतात, पण ती पुन्हा फुटतातच. अ‍ॅसिड ओतण्याच्या भानगडीत पडू नका. सिमेंट झिजतं आणि मुळांची सोयच होते. पक्का इलाज म्हणजे तेवढा तुकडा खोदून रबर रिंगचा पीव्हीसी पाइप टाकणं. 4 इंची पाइपाला 40 फुटांत 1 फूट ढाळ ठेवा.