‘आमच्याकडे कुणाला काही झाले नाही’
कारखान्यातील आरोग्याची चौकशी कशी करावी?

आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांकडे धूळ, धूर किंवा रसायनाचा विषय काढला की बहुधा एकच उत्तर मिळते : “वीस-पंचवीस वर्षे हेच काम चालले आहे, आमच्याकडे कुणाला काही झाले नाही.” असे म्हणणारा मालक खोटे बोलतो असे मुळीच नाही. तो डोळ्यांसमोरचे सांगत असतो. समोर दहा माणसे कामावर आहेत आणि दहाही धडधाकट आहेत, मग आजार कुठला? पण ज्याला खोकला जडला, ज्याच्याने जिना चढवेना, तो काम सोडून गावी निघून गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तोही धडधाकट. कारखान्यात नेहमी धडधाकट माणसेच दिसतात, कारण दुसऱ्यांना तिथे टिकताच येत नाही.

डोळ्यांची ही फसगत टाळून चौकशी कशी करावी, हे आज आम्ही मांडत आहोत. त्यासाठी तुर्कस्तानातील जीन्सच्या धंद्याचे उदाहरण घेऊ. उदाहरण परदेशचे आहे, पण त्यातली माणसे वाचकांना परकी वाटणार नाहीत. खेड्यातून शहरात आलेली पोरे, ठेक्यावर चालणारे छोटे कारखाने, तोंडी व्यवहार आणि रात्री कारखान्यातच पथारी, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे.

नवी कोरी जीन्स जुनी व विटकी दिसावी, अशी एक फॅशन आली. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे दाबाच्या हवेने कापडावर वाळूचा फवारा मारणे. मांडीवरचा, गुडघ्यावरचा रंग उडतो आणि पँट चार वर्षे वापरल्यासारखी दिसते. एक कॉम्प्रेसर, एक नळी, वाळूची पोती आणि एक बंद खोली, एवढे भांडवल पुरते. त्यामुळे हे काम मोठ्या कारखान्यांतून लहान ठेकेदारांकडे गेले आणि इस्तंबूलमध्ये अशा खोल्या जागोजागी झाल्या. फवारा मारणारे मजूर पूर्व तुर्कस्तानातील बिंगोलसारख्या गरीब प्रांतांतून येत. बहुतेकांची कुठल्याही सरकारी दप्तरात नोंद नव्हती.

वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. फवाऱ्याच्या माऱ्याने वाळूचा कण फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ तयार होते. ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि फुप्फुस ताठर बनते. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. वाईट गोष्ट अशी की काम सोडल्यानंतरही तो वाढत राहतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर जडतो आणि एक्स-रेत दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून कित्येक ठिकाणी रोगी नुसती क्षयाची औषधे खात राहतो आणि मूळ दुखणे कुणाच्या ध्यानात येत नाही. खाणीत हा रोग पुष्कळदा वीस वर्षांनी दिसतो. वाळूच्या फवाऱ्यात तो दोन-तीन वर्षांतही गाठतो, कारण धूळ फार आणि खोली बंद. हे ज्ञान नवे नव्हते. ओतीव धातूचे भाग साफ करताना वाळूचा फवारा वापरू नये, असा नियम ब्रिटनने १९४९ मध्येच केला होता. पण कपड्याच्या धंद्यात हे काम येईल, असे कुणाला वाटले नव्हते.

एर्झुरुम शहरातील अतातुर्क विद्यापीठात मेतिन अकगुन नावाचे छातीरोगतज्ज्ञ त्या काळी काम करत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन तरुण रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघेही तेरा-चौदाव्या वर्षी जीन्सवर फवारा मारण्याच्या कामाला लागले होते. दोघेही वाचले नाहीत. डॉक्टरांना धागा सापडला तो धंद्याच्या चौकशीतून. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही आपल्याकडच्या किती दवाखान्यांत हा प्रश्न विचारला जातो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

पण दोन रोगी म्हणजे चौकशी नव्हे. दोन उदाहरणांवर मालक म्हणणार, पोरे मुळातच नाजूक होती, बिड्या ओढत असतील. म्हणून पुढचे पाऊल महत्त्वाचे ठरले. २००७ मध्ये या डॉक्टरांनी पूर्वी हे काम केलेल्या १४५ माणसांची तपासणी केली. कामावर असलेल्यांची नव्हे, काम सोडलेल्यांची. सगळ्यांना तेच प्रश्न, सगळ्यांचा एक्स-रे, सगळ्यांची श्वास मोजण्याची परीक्षा. १४५ पैकी ७७ जणांना, म्हणजे ५३ टक्के लोकांना, सिलिकोसिस निघाला. त्यांचे सरासरी वय जेमतेम तेवीस.

इथे कुणी शंका घेईल की तपासणीला आजारी माणूसच आधी येतो, तेव्हा आकडा फुगणारच. शंका रास्त आहे आणि चौकशी करणाऱ्याने ती स्वतःच घ्यावी. तिला उत्तर मिळाले ते दुसऱ्या फेरीत. चार वर्षांनी, २०११ मध्ये, याच माणसांचा पुन्हा शोध घेतला गेला. नऊ जण मरण पावले होते, त्यांचे सरासरी वय चोवीस. हयात असलेल्यांपैकी ७४ जण पुन्हा तपासणीला मिळाले. या ७४ पैकी पहिल्या वेळी ५५.४ टक्के लोकांना रोग होता. आता तो ९५.९ टक्के लोकांना होता. माणसे तीच, मधल्या काळात फवाऱ्याला हात लावलेला नाही, तरी ७४ पैकी ७१ जण रोगी! पहिल्या खेपेला ज्यांना ‘तू निरोगी आहेस’ असे सांगता आले असते, त्यांतले फक्त तिघे उरले.

आणखी एक गोष्ट या पाहणीतून पुढे आली. ज्यांची प्रकृती अधिक ढासळली, त्यांचा संबंध दोन गोष्टींशी दिसला : मुकादमाचे काम आणि कारखान्यातच झोपणे. दिवसभराची धूळ रात्री अंथरुणावर बसते आणि झोपलेला माणूस तीच ओढत राहतो, हे कळल्यावर साधे वाटते. पण ‘रात्री कुठे झोपत होतास’ हा प्रश्न यादीत नसता, तर ते कळलेच नसते. म्हणून आम्ही म्हणतो की चौकशीची खरी मेहनत प्रश्नांची यादी करण्यात आहे. आणि ती यादी साहेबाने केबिनमध्ये बसून करू नये. जुन्या कारागिराला शेजारी घेऊन करावी.

आता हे आपल्या कारखान्यात कसे करायचे? समजा, एका कारखान्यात दहा जागा आहेत आणि दहा वर्षांत तिथे चाळीस माणसे काम करून गेली किंवा अजून करत आहेत. आज दहा जण कामावर, दहाही बरे. उत्तर आले : शून्य आजारी. आता हजेरीच्या जुन्या वह्या काढा, पगाराच्या चिठ्ठ्या काढा, वह्या नसतील तर उस्तादांना विचारून नावे लिहा. तीस नावे निघाली. त्यांतली चोवीस माणसे सापडली, सहांचा पत्ता लागला नाही. चोविसांत आठ जणांना दम लागतो. म्हणजे माहिती मिळालेल्या चौतिसांत आठ, जवळजवळ चौथा हिस्सा. कारखाना तोच, वर्षे तीच, पण एका हिशेबात शून्य आणि दुसऱ्यात चौथा हिस्सा. आणि ती सहा नावे खोडू नका. त्यांच्यापुढे ‘माहिती नाही’ असे लिहून ठेवा. कारण न सापडणाऱ्यांत मेलेलेही असू शकतात.

प्रत्येक नावापुढे कोणते काम, किती महिने, त्याआधी कुठे काम, बिडी-सिगारेट, झोपण्याची जागा आणि पहिला त्रास कधी, एवढे तरी लिहावे. मग त्याच वस्तीतले, त्याच वयाचे, पण धुळीत काम न करणारे तेवढेच लोक घ्यावेत, जसे शिलाई करणारे किंवा माल बांधणारे, आणि त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत. खोकला तर सगळ्या मोहल्ल्यात असतो. धुळीचा वाटा किती, हे तुलनेशिवाय कळत नाही. प्रश्न मालकाने स्वतः विचारू नयेत, कारण पोटावर पाय येईल या भीतीने मजूर ‘सगळे ठीक’ म्हणणारच. बाहेरचा डॉक्टर किंवा बिरादरीतला विश्वासाचा शिकलेला तरुण चालेल. एक्स-रे मात्र व्यवसायजन्य रोगांची जाण असलेल्या डॉक्टरकडूनच वाचून घ्यावा आणि त्याची प्रत मजुराच्या हातात द्यावी. ती त्याची मालमत्ता आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये अशाच पाहण्या केल्या आहेत. अकीक हाही सिलिकाच. रतनपूरच्या खाणींतला हा दगड खंबायतला घासला जातो आणि पुष्कळदा घरातच. त्यामुळे चाकावर न बसलेली बायका-मुले आणि शेजारीही धुळीत सापडतात. अशा ठिकाणी ‘कारखान्यातले मजूर’ एवढीच यादी केली तर निम्मी चौकशी बाहेर राहिली. अकीकाची अंगठी आपल्यात हौसेने घालतात, ती कुणाच्या श्वासावर चमकली हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा.

गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे, तर मालाच्या साखळीकडे वळू. जीन्स विकणाऱ्या मोठ्या कंपनीचा करार कपडे शिवणाऱ्या कारखान्याशी. तो धुलाई दुसऱ्याला देणार, धुलाईवाला फवाऱ्याचे काम तिसऱ्याला. कागद पहिल्या पायरीवर संपतो आणि धूळ तिसऱ्या पायरीवर सुरू होते. कंपनीचा तपासनीस शिवण विभाग बघून खूश होऊन परत जातो. म्हणून साखळीची चौकशी कागदावरून न करता मालावरून करावी लागते. एक पँट हातात घ्यावी आणि विचारावे : हा डाग कुणी काढला, कुठे, कशाने, नगाला काय दराने? उत्तर मिळेपर्यंत एक एक पायरी खाली उतरावे. शेवटच्या पायरीवरचा दर विचारणे फार उपयोगाचे असते. हवा खेचणाऱ्या पंख्याचा खर्च त्या दरात बसत नसेल, तर पंखा असल्याचे कागद काय कामाचे?

तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २००९ मध्ये कापडावर वाळूचा फवारा मारण्यास बंदी केली. फेब्रुवारी २०११ च्या कायद्याने विमा नसलेल्या सिलिकोसिसग्रस्तांना मासिक वेतन मिळण्याची सोय झाली. सप्टेंबर २०१० मध्ये लिव्हाइस आणि एच अँड एम या कंपन्यांनी आपल्या मालात हे काम होऊ देणार नसल्याचे जाहीर केले, मग इतरही पुढे आल्या. पण गोष्ट तिथे संपली नाही. काम दुसऱ्या देशांत सरकले. बांगलादेशात ते चालूच असल्याचा अहवाल ‘क्लीन क्लोथ्स कॅम्पेन’ या संघटनेने २०१२ मध्ये दिला. काही ठिकाणी वाळूऐवजी पोटॅशियम परमँगनेटचा फवारा आला. त्यात सिलिका नाही हे खरे, पण तेही डोळ्यांना, कातडीला व श्वासनलिकेला बाधते. एक पद्धत बंद केली की तिच्या जागी काय आले, हे त्याच वहीत पुढच्या पानावर लिहिले पाहिजे.

आमच्या वाचकांत जीन्सवाले थोडे असतील. पण ग्रॅनाइट-मार्बल कापणारे, फाउंड्रीत साचे फोडणारे, काच घासणारे, स्वयंपाकघराचे ओटे बसवणारे पुष्कळ आहेत. ओट्यांसाठी जो कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ दगड येतो, त्यात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरही असते. तो कोरडा कापणाऱ्या तरुणांत सिलिकोसिस आढळल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांनी निदान पाण्याच्या धारेखाली कापावे, धूळ जिथे उठते तिथेच खेचणारा पंखा लावावा, कोरडा झाडू बंद करावा. तोंडाला रुमाल बांधल्याने समाधान मिळते, ही बारीक धूळ थांबत नाही. चांगला मास्कही या सगळ्यानंतरचा उपाय आहे, आधीचा नव्हे.

कायद्याच्या बाजूने, १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता आणि २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. भरपाई मागताना मात्र मजुराला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : तू तिथे काम करत होतास याचा पुरावा काय? तुर्कस्तानातील पोरांकडे तो नव्हता. आपल्याकडे ठेक्यावर येणाऱ्या किती जणांकडे आहे? म्हणून वहीत नाव, गाव, कामाचा प्रकार, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख लिहून तिची सही-शिक्क्याची चिठ्ठी निघताना मजुराला द्यावी. चिठ्ठीवर आपला पत्ताही असावा, कारण चार-पाच वर्षांनी दुसऱ्या फेरीला तोच माणूस पुन्हा शोधायचा आहे.