जुना प्रवासी स्टोव्ह

जुने प्रवासी स्टोव्ह जमविणाऱ्याची दृष्टी प्रथम पितळेच्या झळाळीकडे जाते. वस्तुतः त्याने आधी पंपाचा दट्ट्या बाहेर काढून त्यावरील चामड्याचा वायसर पाहावा.

स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली बिनवातीचा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला. तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. आपल्याकडे तर पंपाच्या कोणत्याही स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणू लागले. टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. बर्नर आधी तापावा म्हणून त्याच्याखालच्या वाटीत स्पिरिट जाळतात. नवशिका येथेच घाई करतो. मग वाफेऐवजी रॉकेलच उसळते आणि काजळीचा पिवळा भडका उठतो. अशा वेळी हवेची चावी सैल करून दाब घालवावा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा.

ध्रुवप्रदेशात हा स्टोव्ह म्हणजे केवळ चूल नव्हे, तर पिण्याचे पाणीही त्याच्यावरच अवलंबून असते. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ नुसते वितळविण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून तेथे रॉकेलचा प्रत्येक थेंब मोलाचा. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीला वाटेवरील साठ्यांतले रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिकामे आढळले. त्या डब्यांच्या बुचांनाही चामड्याचेच वायसर होते आणि त्यांतून रॉकेल निसटले होते. त्यांच्या आधी ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. स्कॉटचा शेवटचा तळ पुढच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर पडला. उपासमार, हिमदंश आणि वादळ हीही त्या अंताची कारणे होतीच. सारा दोष वायसरावर लादणे योग्य नव्हे.

आपल्या स्टोव्हचा वायसर सुकून आकसला असेल तर तो तेलात भिजत ठेवावा, मऊ झाल्यावर त्याची कड बोटाने फुलवावी आणि दट्ट्या फिरवीत हळूच नळीत सोडावा. पंपाच्या नळीत रॉकेल चढत असेल तर दोष वायसराचा नसून तळच्या झडपेचा समजावा. दुरुस्तीनंतर लगेच इंधन भरू नये. रिकाम्या टाकीत हवा भरून ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे कोठून येतात ते दिसते. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नये, आणि कोणताही स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या काकड्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे. ते सुटू लागले असल्यास त्याला हात न लावणेच बरे.

घासण्याचा अतिरेक मात्र टाळावा. काही प्रायमसच्या टाकीवर निर्मितीचे वर्ष दर्शविणारे अक्षर ठोकलेले असते. चकाकीच्या हौसेपायी ते झिजले की स्टोव्हचे वय सांगणारा पुरावाच जातो. ठेवताना टाकी रिकामी करावी, चावी सैल सोडावी आणि पंपात तेलाचे दोन थेंब टाकावेत.