दाढेचा पू आणि गळा

धुळे

चि. छोटीस,


पुरुषोत्तमनगरला डॉक्टर म्हणून रुजू झालीस, फार बरे वाटले. पी. के. अण्णा पाटलांनी उभारलेला सातपुडा-तापी परिसराचा साखर कारखाना तुझ्या शेजारी आहे. गाळप सुरू झाले की डोंगरातून आलेले ऊसतोड मजूर तुझ्याकडे येतील. सर्पदंश, कोयत्याचे घाव, जुलाब यांची तयारी तू ठेवली असशीलच. मी लिहिते आहे ते दाढेबद्दल. दाढदुखी म्हणून आलेला धडधाकट माणूस गळा कोंडून मरू शकतो.

तो बहुधा उशिराच येईल. दाढ किडून कित्येक महिने झालेले असतात. आधी तिच्यात तंबाखूची चिमूट दाबली, मग लवंग, मग दुकानातली गोळी. उचल घेतलेली असते आणि त्याने फड सोडला तर बायकोचेही काम अडते, म्हणून दुखणे अंगावर काढले. शेवटी कुणीतरी एक इंजेक्शन टोचले. त्यात स्टिरॉइड असेल तर एखादा दिवस सूज उतरल्यासारखी वाटते आणि पू आत सरकतच राहतो. त्याच्यावर रागावू नकोस. थुंकी गिळता येते का, एवढे विचार आणि तोंडाभोवती बांधलेला गमछा सोडायला लाव.

मग नीट बघ. दोन बोटे एकावर एक जातील एवढे तरी तोंड उघडते का? लाळ गळते आहे का? आवाज घोगरा, तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतो का? हातमोजा घालून एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली ठेव. निरोगी माणसाचा हा भाग मऊ लागतो. याचा दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळीसारखा टणक लागेल आणि जीभ वर टाळूकडे उचललेली दिसेल. स्टुटगार्टच्या डॉ. लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच.

पू गळ्यातच का उतरतो, हे पक्के लक्षात ठेव. खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या मुळांची टोके तोंडाच्या तळाच्या स्नायूच्याही खाली असतात. पुढच्या दातांचा पू बहुधा हिरडीवर पुळी होऊन फुटतो. या दाढांचा पू जबड्याखाली उतरतो, तिथून घशाच्या भिंतीमागे आणि वेळ गेली तर छातीत. छातीत पोचलेला पू मोठ्या रुग्णालयातही माणसाला हरवतो.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नकोस. आकडा ९७ दाखवत असतो आणि गळा अर्ध्याहून अधिक बंद झालेला असतो; आकडा घसरेपर्यंत वेळ संपत आलेली असते. तो पुढे वाकून बसला असेल तर तसाच बसू दे. तपासणीसाठी म्हणून आडवा केलास तर जीभ मागे पडून श्वास तिथेच थांबू शकतो. झोपेचे औषध तर मुळीच देऊ नकोस. ऑक्सिजन लाव, शीर धर, साखर तपास. मधुमेह असेल तर हे सगळे अधिक वेगाने होते. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड किंवा पेनिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल यांचा पहिला डोस शिरेतून तूच दे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. पोटात काही देऊ नकोस. मग १०८ बोलाव आणि गाडी निघण्याआधी नंदुरबारला किंवा इकडे धुळ्याला फोन करून 'गळा बंद होतो आहे' असे स्पष्ट शब्दांत सांग. तिथे भूलतज्ज्ञ आणि गळ्याला छेद देणारा सर्जन तयार हवा.

नातेवाइकांना आधीच समजावून सांग. तिथे तो जागा असतानाच नाकातून नळी घालतील. ते जमले नाही तर जागा बधिर करून श्वासनलिकेला छेद देतील. गळ्याला भोक पाडणार म्हटले की माणसे हादरतात आणि पेशंटला घरी घेऊन जातात. ते भोक तात्पुरते असते, सूज उतरली की बुजते, हे त्यांच्या बोलीत सांगणारा माणूस गाडीत बसव. त्यानंतर जबड्याखाली छेद घेऊन नळ्या ठेवतात. कधी भळाभळा पू येतो, कधी नुसते घाण पाणी. पू आला नाही म्हणून छेद वाया गेला असे समजायचे नाही, आतला ताण कमी होणे हाच उपचार आहे. प्रतिजैविके नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज दहांत एकापेक्षाही कमी दगावतात, पण श्वास वेळेवर सांभाळला तरच.

आणखी एक. 'सुजेत दाढ काढू नये' हे तुला आयाबायाही सांगतील आणि काही डॉक्टरही. मला हे अजिबात मान्य नाही. मूळ आत ठेवून गोळ्या दिल्या की सूज बसते, माणूस फडावर परत जातो आणि गोळ्या संपल्या की पू पुन्हा भरतो. तोंड उघडत असेल, सूज एकाच बाजूला आणि मऊ असेल, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठव. गळ्याचे ऑपरेशन झालेल्याची दाढही त्याच वेळी काढतात. तो परत आला की तोंड उघडून बघ. दाढ अजून जागेवर असेल तर तो बरा झालेला नाही, त्याला पुन्हा पाठव.

तुझी,
आत्या