उद्याची चिंता आणि आजची बांधी

आजचा शास्त्रभाग : मत्तय ६:२५-३४
सोबत वाचा : निर्गम १६:१३-३०, मार्क ४:२६-२९, मत्तय १०:२९-३१



आजचा भाग आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, उद्याची चिंता उद्यावर सोडा. घरातल्या कॅलेंडरवर, मंडळीच्या भिंतीवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तो आपण कितीतरी वेळा पाहिलाय. पण ऑफिसात ले-ऑफची कुजबुज सुरू असते, घराचा हप्ता पाच तारखेला कापला जाणार असतो, गावाहून आईचा फोन येतो की बाबांचे रिपोर्ट अजून आलेले नाहीत. अशा दिवशी हेच वचन थोडं टोचतं. ‘चिंता करू नका’ म्हणणं सोपं आहे हो, असं मनात येतं.

म्हणून आज ते सावकाश वाचू या. पहिली गोष्ट, येशू हे कोणाला सांगत होता? समोर गालीलातली साधी माणसं बसली होती. मासे धरणारी, शेतात राबणारी, रोजंदारीवर जाणारी. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात चौकात काम मिळायची वाट बघत उभे असलेले मजूर आठवा. त्या दिवशी कोणी बोलावलं नाही, तर घरी काय शिजणार हा त्यांचा खरा प्रश्न होता. ज्यांच्या उद्याची काहीच खात्री नव्हती, त्यांनाच प्रभू हे सांगतोय.

१. आधी चोविसावं वचन वाचा

पंचविसाव्या वचनाची सुरुवातच ‘म्हणून’ अशा अर्थाच्या शब्दाने होते. म्हणजे त्याआधी काहीतरी सांगितलं गेलंय. चोविसाव्या वचनात येशू म्हणतो, की एका माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. देव आणि धन यांपैकी एकच धनी असतो. चिंतेचा विषय लगेच त्याच्या पाठोपाठ येतो.

याचा अर्थ, माझी चिंता माझ्या धन्याचं नाव सांगते. नोकरी ही देवाची देणगी आहे आणि तिची कदर करायलाच हवी. पण नोकरी धनी झाली, की मॅनेजरच्या एका ओळीच्या मेसेजने दिवस खराब होतो आणि अप्रेझलचा आकडा आपली किंमत ठरवू लागतो. रात्री दोन वाजता जाग आली की मन पहिल्यांदा कुठे धावतं, ते आज प्रामाणिकपणे तपासून बघा.

२. पाखरं रिकामी बसत नाहीत

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, त्यामुळे सव्विसाव्या वचनातली पाखरं म्हटली की मला सारस आठवतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच पक्षी हाच. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्याच्या पट्ट्यातच उरलाय. आमच्याकडे तलाव खूप आणि धानाची शेती खूप. बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. पावसाळ्यात सारसाची जोडी तलावाच्या काठी, नाहीतर थेट अशा बांधीतच गवत-काड्यांचं मोठं घरटं रचते. अंडी बहुधा दोन. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने ती उबवतात.

सारस पेरत नाही, कापत नाही, कोठारात साठवत नाही हे खरंच आहे. पण तो बसूनही राहत नाही. दिवस उगवल्यापासून चिखल-पाण्यात चालत, चोचीने उकरत कंद, किडे, सांडलेले दाणे शोधत असतो. देव त्याला खायला देतो आणि तो त्यासाठी दिवसभर चालतो. या दोन गोष्टींत भांडण नाही.

आणखी एक गोष्ट बघा. घरटं बांधीत झालं की तिथलं थोडं धान आडवं होतं. शेतकऱ्याचं तेवढं नुकसानच. तरीही सारसाचं घरटं राखणारे, तेवढा तुकडा तसाच सोडून देणारे शेतकरी या भागात आहेत. लेवीय १९:९ मध्ये शेताचे कानेकोपरे गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायला सांगितलंय. रुथ त्याच नियमामुळे बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. स्वर्गीय पिता बऱ्याचदा असंच खाऊ घालतो, कोणाच्या तरी शेताच्या कोपऱ्यातून. तुमच्या अडचणीत देवाची मदत मोठ्या चमत्काराऐवजी एखाद्या मामाच्या फोनमधून, मंडळीतल्या ताईच्या डब्यातून किंवा जुन्या सहकाऱ्याने दिलेल्या रेफरलमधून आली, तर ती ओळखा. आणि तुमच्या बांधीचा एखादा कोपरा दुसऱ्यासाठी मोकळा आहे का, तेही बघा.

आता कठीण भाग. सारस कमी होत चाललेत. पाणथळ जागा आटतात, शेतात विषारी फवारे पडतात, विजेच्या तारांना लागून पक्षी मरतात. मग पाखरांची काळजी घेणाऱ्या पित्याचं काय? याच शुभवर्तमानात, मत्तय १०:२९ मध्ये येशू सांगतो, की एक चिमणीसुद्धा पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. चिमणी पडते, हे तो लपवत नाही. आपलं काहीच वाईट होणार नाही, असं वचन त्याने दिलेलं नाही. पडतानाही आपण पित्याच्या नजरेबाहेर नसू, हे वचन आहे. आपला विश्वास यावर उभा असेल, तर रिपोर्ट वाईट आला तरी तो कोसळत नाही.

३. नियोजन करणं म्हणजे अविश्वास नाही

‘उद्याची चिंता करू नका म्हणजे इन्शुरन्स काढू नये का? बचत करू नये का?’ हा प्रश्न तरुणांच्या बायबल स्टडीत हमखास येतो. उत्तर निर्गम १६ मध्ये आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना रोजचा रोज मिळत होता. कोणी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्याला किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी देवानेच दुप्पट गोळा करायला सांगितलं आणि तो साठवलेला मान्ना खराब झाला नाही. साठवणं दोन्ही वेळा होतं. एकदा ते भीतीने केलं, एकदा आज्ञा मानून.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, अजून न आलेल्या तिकिटावर काम करता येत नाही. बॅकअप घेता येतो, टेस्ट लिहिता येते, मॉनिटरिंग लावता येतं. ते सगळं आजचं काम आहे, ते नीट करावं. त्यानंतर स्क्रीनकडे बघत बसल्याने सर्व्हर जास्त चालत नाही. सत्ताविसाव्या वचनात येशू तेच विचारतो, की चिंता करून कोणी आपलं आयुष्य हातभर तरी वाढवलंय का?

मार्क ४:२६-२९ मधला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. आमच्याकडच्या धान पिकवणाऱ्याला हे चांगलं माहीत आहे. पऱ्हे टाकणं, चिखलणी करणं, वेळेवर रोवणी करणं त्याच्या हातात. पाऊस कधी येईल, तुडतुडा पडेल का, हे त्याच्या हातात नाही. त्याची काळजी खोटी नसते, कारण वर्षाचं पोट त्यावर असतं. तरी तो रात्री पाठ टेकतो, कारण उद्या पुन्हा बांधीत उतरायचं असतं. देवावर विश्वास ठेवणाऱ्यासाठी झोपणं हीसुद्धा एक प्रार्थना असते.

४. गोंदियावरून गेलेला एक प्रवासी

आमच्या भागातून जाणाऱ्या रेल्वेचा या शास्त्रभागाशी एक जुना संबंध आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी या जिल्ह्यातून पुढे जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गावरून नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. वय तिशीच्या आसपास, म्हणजे आपल्यातल्या अनेकांएवढं. संस्कृतचे जाणकार, कवी, पण नोकरी एका जागी टिकलेली नाही. आज या गावी, उद्या त्या गावी असा संसार. डब्यात भेटलेल्या एका परदेशी प्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. टिळकांनी तो वाचायचं कबूल केलं. सुरुवातीला मन लागत नव्हतं, पण डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. ते प्रवचन म्हणजे मत्तय अध्याय ५ ते ७. आजचा आपला भाग त्याच्या मधोमध आहे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळलं. पदरी लहान मुलगा घेऊन त्या सुमारे पाच वर्षं पतीपासून वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, तर स्वतः पारखून. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा ठरलेला पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी नंतर ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही पूर्ण केलं.

हे वाचून कोणी उद्या राजीनामा टाकू नये. टिळकांना जे पाचारण होतं ते प्रत्येकाला असेलच असं नाही, आणि एकाच्या विश्वासाची किंमत घरातल्या दुसऱ्यालाही मोजावी लागते, हे लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून दिसतंच. पण तेहेतिसावं वचन, आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व, हे ‘इतकं दे, इतकं मिळेल’ असं पॅकेज नाही, एवढं यातून नक्की कळतं. आपण ज्याला ‘सेटल होणं’ म्हणतो, तसे ते दोघं फार काळ कधी झालेच नाहीत. तरी पिता प्रत्येक दिवशी त्यांच्या सोबत होता, आणि मराठी मंडळी आजही त्यांची भजनं गाते.

५. आज करून बघा

एक कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा ‘आजचं’, उजवीकडे ‘उद्याचं’. मनातली प्रत्येक काळजी कुठल्यातरी एका बाजूला लिहा.

डाव्या बाजूला प्रत्येक गोष्टीपुढे आजचं एकच पाऊल लिहा. रिझ्युमे अपडेट करणं, बँकेत फोन करणं, बाबांची अपॉइंटमेंट घेणं. आणि ते करा.

उजव्या बाजूची यादी मोठ्याने वाचून प्रार्थनेत देवाला द्या. फिलिप्पै ४:६ प्रमाणे मागणीसोबत आभारही असू द्या. पौलाने ते तुरुंगातून लिहिलंय, हे लक्षात ठेवा.

रात्री झोपण्यापूर्वी आज पित्याने पुरवलेली एक तरी गोष्ट लिहून ठेवा.

आणि काळजी इतकी वाढली असेल की आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, काम सगळं बिघडलंय, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, पाळकांशी बोला. तो अल्पविश्वास नाही. तीही पित्याने पुरवलेली मदतच आहे.

येशूने शेवटच्या वचनात मान्य केलंय, की प्रत्येक दिवसाला त्याचा त्रास असतो. आजचा त्रास आजच्या कृपेने उचलू या. उद्याची कृपा उद्या सकाळी मिळेल, मान्न्यासारखी ताजी.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्हाला काय हवंय ते आम्ही मागण्याआधी तुला ठाऊक आहे. आमची नोकरी, आमचे हप्ते, आमच्या आई-बाबांची तब्येत, आमचं लग्न, आमची मुलं हे सगळं तुझ्या हाती देतो. आजची भाकर आणि आजच्या कामासाठी बळ दे. जे आमच्या हातात नाही ते तुझ्यावर सोडून शांत झोपायला शिकव. आणि दुसऱ्यासाठी आमच्या बांधीचा एक कोपरा मोकळा ठेवायला लाव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.